मग या की उद्या

आमच्या शाळेत सकाळचं वर्तमानपत्र निधनवार्तांपासून वाचायला घेणारे एकच गृहस्थ होते, ते म्हणजे हबीब सर. शिपायाने पेपर टेबलावर टाकला की सर पहिल्या पानाकडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ आतलं पान उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि गेलेल्या माणसाचं नाव, गाव, मागे कोण कोण आहे हे सगळं खणखणीत आवाजात वाचायचे. "सर, आज कोण गेलं?" असं कुणीतरी हसत विचारायचं. सर हसायचे नाहीत. आमच्या उमापूर भागातलं कुणी असलं तर नाव डोळे मिटून पुन्हा म्हणायचे, पोरं पाढा पाठ करतात तसं. नवीन आलेल्या शिक्षकाला वाटायचं, या माणसाला मरणाची भारीच हौस दिसते.

खरं तर सरांचं सगळं चित्त लग्नांत असायचं. आमच्या गेवराई तालुक्यात लग्न म्हटलं की माईकवर एक माणूस लागतो. मंगलाष्टकं म्हणणारे वेगळे. हा माणूस आल्यागेल्याचं नाव घेऊन स्वागत करतो, नवरीच्या मामाला हाक देतो, अक्षता वाटायला सांगतो आणि जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये अशी घरच्यांच्या वतीने विनंती करतो. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडचा माणूस एक वेळ जेवणात मीठ कमी होतं हे विसरेल, माईकवर आपलं नाव राहिलं हे विसरणार नाही. नाव राहिलं म्हणून भरल्या ताटावरून उठलेले सोयरे मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांची समजूत काढायला पुढची दोन-तीन वर्षं जातात.

हबीब सर शाळेत मराठी शिकवायचे आणि लग्नसराईत माईकवर असायचे. डोक्याला मेंदी, अंगात कडक इस्त्रीचं जाकीट, काखेत कोमट पाण्याचा थर्मास. बोलायचे शिक्षकांच्या खोलीत आमच्यासारखंच, हाय-न्हाई करत. पण माईक हातात आला की भाषा धुऊन वाळवून नेसल्यासारखी व्हायची. माईकवर "हॅलो हॅलो" म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी राग. मंडपवाल्याशी आवाजाच्या घुमण्यावरून भांडायचे, फुलांची कमान कर्ण्याच्या तोंडावर आली म्हणून ती सोडवायला लावायचे. स्वभावाने तसे हट्टीच, आणि स्वतःच्या आवाजाचा अभिमान तर असा की पोरांची हजेरीसुद्धा आईच्या आणि बापाच्या नावासकट घ्यायचे. अर्धा तास हजेरीतच जायचा. मुख्याध्यापकांनी बोलून पाहिलं, पण आपलं नाव नीट घेतलेलं ऐकायला पोरं पहिल्या तासाला वेळेवर येतात असं सरांनी त्यांना ऐकवलं. येत होती, हेही खरं.

मान म्हणून त्यांना टॉवेल-टोपी मिळायची. टोप्या ते वाटून टाकायचे. टॉवेल मात्र शाळेत आणायचे, आणि आमच्या शाळेतला एकही फळा असा नाही जो कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या टॉवेलाने पुसला गेला नाही. गणिताचा तास माझा. मी कुणाच्या तरी सुखी संसाराच्या साक्षीने अपूर्णांक पुसत आले आहे.

सरांना लोक काय म्हणायचे ते सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट त्यावरच आहे. लोक वाईट बोलायचे नाहीत. कौतुकच करायचे. "सरांचं काय बुवा, देवानं गळा दिलाय." "सरांना सुचतंय बरं का ऐनवेळी." "आपल्याला रानात राबावं लागतं, सरांचं काम नुस्तं तोंडावर चालतं." पाठीवर थाप मारून म्हणायचे. सर कधी चिडले नाहीत. त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. थर्मासचं झाकण फिरवत म्हणायचे, "मग या की उद्या माझ्यासंगं."

लोकांना ती थट्टा वाटायची. उद्या कुठं, हे कुणी विचारलं नाही, आणि गेलं तर कुणीच नाही.

एकदा मी गेले, तेही ठरवून नव्हे. सरांची जुनी स्कूटर बंद पडली होती आणि त्यांना शाळा सुटल्यावर माझ्या सासरच्या गावाकडे जायचं होतं. मलाही तिकडेच जायचं होतं, म्हणून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. थर्मास दोन्ही हातांनी पोटाशी धरून, खड्डा आला की बिस्मिल्ला म्हणत. मला वाटलं, लग्नघरी सोडायचं असेल. पण सरांनी गाडी पिठाच्या गिरणीपाशी थांबवायला सांगितली.

लग्न उद्याचं आणि तुम्ही आज गिरणीत कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, "लग्नघरी खरं कळत न्हाई मॅडम. तिथं आज समदे गोड बोलत्यात. दळण टाकून बसलेल्या बाईला इचारा, कोण कुणाशी बोलत न्हाई ते."

मग गिरणीतून न्हाव्याच्या दुकानात, तिथून पारावर, तिथून एका आजारी म्हाताऱ्याच्या घरी. सर बसायचे, चहा घ्यायचे, पीकपाण्याचं विचारायचे, आणि बोलता बोलता एकेक गोष्ट काढून घ्यायचे. नवरदेवाच्या चुलत्याला सगळे आबा म्हणतात, पण त्याचं खरं नाव काय. ज्ञानोबा दोन आहेत, त्यांच्या बापांची नावं काय. धाकट्या भावाचं नाव आधी घेतलं तर थोरला उठून जाईल का. कोण इतक्यात गेलं, कुणाचं दुखणं हाताबाहेर आहे, कुणाच्या लेकीचं लग्न मोडलंय म्हणून तिच्या बापाला आज पुढे बोलवू नये. कुठेही कागद-पेन नाही. कागद हरवतो आणि दुसऱ्याच्या हाती लागतो, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यांत शेवटी लग्नघर. तिथे त्यांचा एकच प्रश्न असायचा: कुणाचं नाव राहू नये असं तुम्हाला वाटतं? घरचे लोक पुढाऱ्यांची यादी धरायचे. सर ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "हे झाले मानाचे. तुमाला सवताला कुणाचं वाटतं?" मग कुणीतरी एखादं भलतंच नाव सांगायचं. शिकायला घरी ठेवून घेणाऱ्या मावशीचं, पुरात बैल सोडवून आणणाऱ्या शेजाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी ते नाव मंडपात ऐकू आलं की लोक म्हणायचे, सरांना काय सुचतं.

परत येताना मी त्यांना विचारलं, एवढं कशाला करता. तेव्हा त्यांनी किसनरावांची हकीकत सांगितली.

नोकरीला नुकते लागले होते. आवाज चांगला म्हणून कुणीतरी एका लग्नात माईक हातात दिला. आमच्याकडे माईकवाल्याच्या हातात लोक चिठ्ठ्या सरकवत असतात, अमुक आलेत, यांचंही नाव घ्या म्हणून. तशी एक चिठ्ठी आली. सरांनी ती वाचली आणि गावचे प्रतिष्ठित किसनराव यांचं हार्दिक स्वागत, त्यांनी व्यासपीठावर यावं, अशी विनंती केली. कुणी उठेना. म्हणून पुन्हा केली, आणखी आवाज चढवून. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हंबरडा ऐकू आला. किसनराव महिन्यापूर्वीच वारले होते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने छापून ठेवलेल्या पत्रिकेवरून नाव उतरवलं होतं. किसनरावांच्या बायकोला मोठ्या मुश्किलीने लोकांनी शेजारच्या लग्नाला आणलं होतं, आणि हबीब सरांनी तिच्या नवऱ्याला दोनदा हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून राहिले. तिनेच चहा करून आणला आणि म्हणाली, "तुला काय म्हाईत बाबा."

"तिनं माफच केलं मला," सर स्कूटीवर मागून म्हणाले. "पर ते खरंच व्हतं मॅडम. मला काईच म्हाईत नव्हतं, अन् मी बोलत व्हतो."

तेव्हापासून लग्नाच्या आदल्या दिवशी जायचं, आणि हातात आलेली चिठ्ठी खात्री केल्याशिवाय वाचायची नाही. निधनवार्तांचं पान त्यामुळेच. घरी गेल्यावर पुन्हा उजळणी असायची. शमीम भाभी भाकरी थापायच्या आणि सर पाटावर बसून नावं म्हणायचे. एकदा मी तिथे होते. भाभींनी तव्यावरून नजर न उचलता त्यांना थांबवलं, "अजी, नवरदेवाच्या चुलत्याला खाऊन टाकलं तुमी." सर मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झाले. आणि खाण्यापिण्याची पथ्यं तर काही विचारू नका. बीडच्या उन्हाळ्यात आम्ही माठावर माठ रिकामे करायचो, सर कोमट पाणी प्यायचे. बर्फ नाही, आइस्क्रीम नाही, चिंचेचं नाही, सीताफळसुद्धा दोन घास चाखून बाजूला. ज्येष्ठमधाची काडी गालात. मंडपात सगळ्यांची पंगत उठल्यावर आचाऱ्यांबरोबर शेवटी जेवायचे, कारण भरल्या पोटी आवाज बसतो. हे सगळं वर्षानुवर्षं. आणि लोक म्हणायचे, देवानं गळा दिलाय.

नावं कुठल्या क्रमाने घ्यायची यासाठी त्यांनी एक नियम केला होता. आधी वय, मग बाकी सगळं. वयाशी भांडता येत नाही म्हणायचे. एका लग्नात एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुढारी एकाच वेळी मंडपाच्या दारात आले. दोघांची माणसं मागे उभी, कुणाचं नाव आधी येतं ते ऐकायला. सरांनी शांतपणे एका वृद्ध गुरुजींचं नाव घेतलं, त्यांना व्यासपीठावर बसवलं आणि म्हणाले की गुरुजींच्या एकाच वर्गात शिकलेले दोन विद्यार्थी आज दारात उभे आहेत, त्यांनी जोडीने येऊन गुरुजींचे आशीर्वाद घ्यावेत. दोघं आले, दोघांनी पाय धरले. जेवताना जो तो म्हणत होता, हबीब सरांना ऐनवेळी सुचलं. त्या गुरुजींना आदल्या दिवशी शोधून काढून, नको नको म्हणत असताना सकाळीच रिक्षाने आणून कोणी बसवलं होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

आता माझं सांगते.

माझी मयुरी चौथीत असताना तिचे वडील गेले. मी नोकरी केली, तिला शिकवलं. सासरचे मला कधी टाकून बोलले नाहीत. थोरले दीर, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते प्रत्येक अडीअडचणीला उभे राहिले. मयुरीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका त्यांच्याच नावाने निघाली, कन्यादान ते आणि जाऊबाई करणार हेही ठरलं. मी हो म्हटलं. आमच्याकडे नवरा नसलेली बाई अक्षतेच्या वेळी पुढे उभी राहत नाही. तिला कुणी हाकलत नाही, ती आपणहून नारळांच्या पोत्यांपाशी, आहेराच्या खोलीत काहीतरी काम काढून बसते. तसं मला बसायचं होतं. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना मला ती दिसणार नव्हती. मी गणिताची बाई. मनाला बजावलं की जे बदलत नाही ते धरूनच पुढचं उत्तर काढायचं.

माईकवर अर्थातच हबीब सर. लग्नाच्या आधी काही दिवस, शाळा सुटल्यावर त्यांनी मला त्यांचा तो प्रश्न विचारला. शाळेत मॅडम म्हणायचे, त्या दिवशी ताई म्हणाले. "ताई, कुणाचं नाव राहू नये असं वाटतं तुमाला?"

मी भाऊंचं, जाऊबाईंचं, व्याह्यांचं नाव सांगितलं. ते तसेच बघत राहिले. मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं."

आणि मग मला रडू आवरेना. सरांनी लग्नाचा एक कोरा टॉवेल कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला आणि माझं रडणं संपेपर्यंत खिडकीतून मैदानाकडे बघत बसले.

मला वाटलं, आता म्हणतील, काळजी करू नका, मी घेतो नाव. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "बोलाया मला काय लागतंय. पर मी हाक मारली अन् तिथं कुणी तुमाला आडवलं, तर ते पोरीच्या डोळ्यांदेखत व्हईल. आधी इचारावं लागंल. बघू."

त्या "बघू"ने माझी उरलीसुरली आशाही गेली. आमच्याकडे बघू म्हणजे नाहीच. भाऊंना त्यांनी विचारलं हे मला कळलं, कारण भाऊच म्हणाले की माझं काही नाही, पण आत्याबाईंच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, गयाबाई. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालेलं, माहेरी येऊन राहिलेल्या, आणि घरातल्या सगळ्या रीतिभातींचा पहारा त्यांच्याकडे. त्यांच्यापुढे मी स्वतः कधी मान वर करून बोलले नव्हते. मी तो विषय मनातून काढून टाकला.

लग्न सासरच्या गावातच, तिथल्या शाळेसमोरच्या पटांगणात. नवरदेव वेशीवरून आला, डीजे थांबला, आणि मी ठरल्याप्रमाणे आहेराच्या खोलीत नारळ मोजायला बसले. मोजून झालेले पुन्हा मोजत होते. बाहेर सरांचा आवाज चालू होता. व्याह्यांचं स्वागत झालं, मामांना हाक गेली, मामा नवरीला घेऊन आले. अक्षता वाटून झाल्या. आता अंतरपाट धरणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"अक्षतांपूर्वी एक विनंती," सर म्हणाले. "आजच्या या मंडपात वयाने सर्वांत थोर आहेत श्रीमती गयाबाई, नवरीच्या आजोबांच्या भगिनी. त्यांनी पुढे येऊन नवरीच्या शेजारी उभं राहावं. आणि त्यांचा हात धरून त्यांना घेऊन यावं नवरीच्या आई सुनंदाताई यांनी. दोघींनी तिथेच थांबावं. त्या आल्याशिवाय अंतरपाट धरला जाणार नाही."

मी खोलीच्या दारात आले तर आत्याबाई काठी टेकत माझ्याचकडे येत होत्या. मला वाटलं, आता मला परत आत बसवणार. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "धर की. पडंल न्हाईतर मी."

आम्ही दोघी त्या एवढ्या माणसांतून चालत गेलो. मयुरी मुंडावळ्यांआडून बघत होती. तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा काही माझ्याही खांद्यावर पडल्या. त्या मी झटकल्या नाहीत, घरी येईपर्यंत पदरात तशाच होत्या. आयुष्यात मला खूप काही मिळालं आहे, पण एवढं भरून पावल्यासारखं दुसऱ्या कशाने वाटलं नाही.

जेवणं चालू असताना सिरसाळ्याहून आलेले भाऊंचे एक व्यापारी मित्र सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सरांचं काय, तोंडाला आलं ते बोलून मोकळे. पर आज बरं सुचलं तुमाला." मी जवळच होते. मला वाटलं, आता सर म्हणणार, मग या की उद्या. सर म्हणाले, "व्हय. सुचलं." आणि थर्मास उचलून आचाऱ्यांकडे जेवायला गेले.

त्या दिवशी त्यांनी नेहमीचं उत्तर का दिलं नाही, हे मला कळलं मयुरी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा. आत्याबाईंनीच सांगितलं.

"लई चिवट मास्तर हाय तुझा," त्या म्हणाल्या. "पैल्या दिशी आला अन् तुझं बोलला. मी म्हनले, आमच्यात न्हाई चालत, परत त्ये काडायचं न्हाई. बरं म्हनला. दुसऱ्या दिशी पुना हजर. मंग रोजच. तुझं काईच बोलंना. च्या प्यायचा, म्हशीचं इचारायचा, जायचा. मला वाटलं, ह्याला दुसरं काम न्हाई का. मंग एक दिस इचारलं, आत्याबाई, तुमच्या लेकाच्या लग्नात तुमी कुटं उभ्या व्हता?"

मयुरीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भट्टीपाशी व्हते म्हनले. बुंदी पाडत. वाजाप वाजलं तवा कळलं, पडल्या अक्षता. त्यो काईच बोल्ला न्हाई. उटून गेला. मला रातभर झोप न्हाई. दुसऱ्या दिशी आला तवा मीच म्हनले, बलाव तिला. पर आधी मला बलाव."

म्हणजे वयाने थोर हा सरांचा नियम त्या दिवशी नियम नव्हता. ती आत्याबाईंची अट होती, आणि तो त्यांचा राहून गेलेला मान होता. सिरसाळ्याच्या पाहुण्यांपुढे सरांनी खरं सांगितलं असतं तर आत्याबाईंची भट्टी चारचौघांत आली असती. म्हणून सगळी मेहनत गिळून ते "सुचलं" म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचे आभार मानायला गेले तर पेपरमधून डोकं वर न काढता त्यांनी मला आत्याबाईंची म्हैस व्याली का ते विचारलं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. त्याआधीच्या लग्नसराईत एका मंडपात त्यांना एक नाव पटकन आठवलं नव्हतं. क्षणभरच अडखळले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण घरी येऊन त्यांनी भाभींना सांगितलं की या वर्षानंतर माईक बंद. पुन्हा एखाद्या किसनरावांना हाक जायला नको. लोकांनी आग्रह केला, सरांना काय अवघड आहे म्हणाले. सर बधले नाहीत.

त्यांच्या निरोप समारंभाला माईकवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, बोलायचंच तर आहे, कुणीही बोलेल. मी म्हटलं, मी बोलते. आणि मग रोज शाळा सुटली की स्कूटी काढली. गिरणीत बसले, न्हाव्याच्या दारात उभी राहिले, ज्या घरांतल्या लग्नांत सर माईकवर होते त्या घरांत चहा पीत बसले. घरी येऊन मयुरीला फोन लावायचे आणि नावं म्हणायचे. ती पलीकडून चुका काढायची. कोमट पाणी पिऊनसुद्धा माझा घसा सुकायचा. हे त्यांनी एवढी वर्षं कसं केलं, हा विचार येऊन मी एकदा रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसती बसून राहिले होते.

समारंभाच्या दिवशी मी वयाने थोर म्हणून आत्याबाईंचं नाव पहिलं घेतलं. मग शमीम भाभींना व्यासपीठावर बोलावलं आणि सांगितलं की या तालुक्यातलं प्रत्येक नाव आधी यांच्या चुलीपुढे तपासून मगच मंडपात जात असे. भाभी पदराआड हसल्या. शेवटी मी किसनरावांच्या मुलाला हाक मारली. त्याची आई आता नाही. तो आला, सरांच्या खांद्यावर टॉवेल ठेवला, डोक्यावर टोपी ठेवली. सर उभे राहिले, आणि आमच्या शाळेने पहिल्यांदाच त्यांना माईक समोर असून बोलता न येताना पाहिलं. बऱ्याच वेळाने फक्त त्या मुलाचं नाव त्यांनी घेतलं, आईच्या आणि बापाच्या नावासकट.

नंतर मैदानात सरबत होतं. सरांनी वाढणाऱ्याला थांबवून बर्फ मागितला. जास्त टाक म्हणाले. आजूबाजूचे हसले, सरांना आज उकडतंय म्हणाले. भाभी हसल्या नाहीत. त्या पेल्याकडे बघत होत्या, आणि मीही.

तेवढ्यात नवीन लागलेले विज्ञानाचे तरुण शिक्षक माझ्याजवळ आले आणि कौतुकाने म्हणाले, "मॅडम, लई भारी बोलल्या. तुमचं काय, तुमाला उपजतच येत असंल."

शेजारी सर पेला हातात धरून उभे होते. त्यांनी त्या मुलाकडे नीट बघितलं. "मग जा की उद्या मॅडमसंगं," ते म्हणाले, आणि पेला तोंडाला लावून बर्फाचा मोठा खडा दाताखाली कडकडून फोडला.